खुर्च्या काढल्याच आहेत, तर खाली लूपची तार टाका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादे नाट्यगृह किंवा सभागृह दुरुस्तीसाठी बंद होणार अशी बातमी आली की सोबत कामांची यादी छापून येते. नव्या खुर्च्या, वातानुकूलन, रंगमंचाच्या फळ्या, प्रकाशयोजना, स्वच्छतागृहे, अलीकडे रॅम्प आणि लिफ्टसुद्धा. कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकासाठी काय करणार, हे त्या यादीत सहसा नसते. त्यासाठीची सोय जुनी आहे आणि पारखलेली आहे. तिला इंडक्शन लूप किंवा नुसते लूप म्हणतात. ती बसवण्याची योग्य वेळ एकच: खुर्च्या निघालेल्या असतात आणि जमीन उघडी पडलेली असते तेव्हा. एकदा नवे कार्पेट अंथरले आणि खुर्च्यांचे बोल्ट ठोकले की तेच काम कित्येक पटीने अवघड होते आणि मग पुढच्या नूतनीकरणापर्यंत, म्हणजे पंधरा-वीस वर्षे, विषय निघत नाही.

आम्ही श्रवणतज्ज्ञ आणि ध्वनिव्यवस्थेचे काम करणारे तंत्रज्ञ मिळून हे पत्र लिहीत आहोत. ठाण्याचे गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची छोटी-मोठी सभागृहे सांभाळणाऱ्यांनी, निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी नेमके काय मागायचे, हे आकड्यांसह त्यांच्या हाती असावे एवढ्यासाठी सविस्तर लिहितो.

‘कानाला यंत्र लावले आहे ना, मग वेगळी सोय कशाला?’ हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. चष्मा लावला की शेवटच्या रांगेतूनही दिसते. श्रवणयंत्राचे तसे नाही. त्याचा माईक ऐकणाऱ्याच्या कानाशी असतो, बोलणाऱ्याच्या तोंडाशी नाही. समोरचा माणूस हात-दोन हातांवर असेल तर यंत्र उत्तम चालते. पंधराव्या रांगेत बसले की कानाशी पोहोचते ते असे: नटाचा क्षीण झालेला आवाज, त्याच आवाजाचे भिंतींवरून आणि छतावरून उशिरा आलेले तुकडे, एसीची घरघर, मागच्या रांगेतले वेफर्सचे पाकीट. यंत्र हे सगळेच मोठे करते. आवाज येतो, शब्द येत नाहीत. वर्गखोल्यांसाठीच्या ध्वनिनियमांत शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबलने वर असावा असे धरतात, तेही चांगले ऐकू येणाऱ्या मुलांसाठी. कमी ऐकणाऱ्या माणसाला त्याहून कमी फरक चालत नाही आणि मोठ्या सभागृहात मागच्या रांगांना तेवढे मिळत नाही. मोठे स्पीकर लावून हे सुटत नाही, कारण स्पीकर वाढवला की त्याचा प्रतिध्वनीही वाढतो.

लूप बोलणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचा कान यांतले अंतरच काढून टाकते. प्रेक्षागृहाच्या जमिनीत तांब्याच्या तारेचा वेढा टाकतात आणि रंगमंचावरच्या माईकचा सिग्नल खास ॲम्प्लिफायरमधून त्या तारेत विद्युतप्रवाहाच्या रूपाने सोडतात. त्या प्रवाहामुळे वेढ्याच्या आत आवाजाबरहुकूम बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. श्रवणयंत्रात टेलिकॉइल, ज्याला आपण टी-कॉइल म्हणतो, ती लोखंडी गाभ्यावरची बारीक तारेची गुंडाळी असते. ती हे क्षेत्र पकडते आणि यंत्र त्याचा पुन्हा आवाज करते, तोही त्या माणसाच्या ऐकण्याच्या आलेखाप्रमाणे जुळवलेला. मधल्या हवेचा, प्रतिध्वनीचा, पाकिटाचा संबंधच उरत नाही. ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी तिचे पेटंट 1937 साली घेतले होते. प्रेक्षकाला काउंटरवर जाऊन काही मागावे लागत नाही, गळ्यात काही अडकवावे लागत नाही, शेजारच्याला कळतही नाही. आपल्याकडे माणूस ऐकू येत नाही हे शेवटपर्यंत कबूल करत नाही, हे पाहता हा गुण आम्हाला सर्वांत मोठा वाटतो.

आधी यंत्राच्या बाजूचे सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. कानामागे बसणाऱ्या पुष्कळ यंत्रांत टी-कॉइल असते. कानाच्या आत पूर्ण लपणाऱ्या छोट्या यंत्रांत ती बहुधा नसते, कारण जागाच नसते. चार्जिंगच्या काही नव्या मॉडेलांतूनही ती काढलेली आहे. शिवाय असली तरी चालू असतेच असे नाही. यंत्र जुळवताना टी हा प्रोग्रॅम वेगळा चालू करून द्यावा लागतो. म्हणून यंत्र घेताना तीन गोष्टी विचारून घ्या: यात टी-कॉइल आहे का, तिचा प्रोग्रॅम चालू केला का, आणि माईक बंद करून नुसती टी तसेच माईक व टी दोन्ही, असे दोन पर्याय दिले का. दुसरा पर्याय शेजारी बसलेल्या माणसाचेही बोलणे ऐकू यावे म्हणून असतो. नाटकाला पहिला बरा. टी-कॉइल यंत्रात उभी बसवलेली असावी, कारण जमिनीतल्या लूपचे क्षेत्र प्रेक्षकांच्या जागी मुख्यतः खालून वर असे असते. कॉइल आडवी पडली की आवाज घटतो. लूपवर बसलेल्या माणसाने मान खाली घालून कार्यक्रमपत्रिका वाचली तर आवाज कमी होतो आणि मान वर केली की परत येतो, तो याचमुळे. यंत्र बिघडलेले नसते.

आता सभागृहाची बाजू. लूप नीट बसले की नाही हे कानाने ठरत नाही, मोजून ठरते. त्यासाठी आयईसी 60118-4 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि निविदेत हा क्रमांक लिहिलाच पाहिजे. त्यातला पहिला आकडा 400 मिलिॲम्पिअर प्रति मीटर. बोलण्याचा आवाज सर्वांत चढतो त्या क्षणी क्षेत्राची ताकद एवढी भरली पाहिजे. दुसरे, हे मोजायचे बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.2 मीटरवर, उभ्या माणसासाठी 1.7 मीटर धरतात. तिसरे, एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत फरक ठरल्या पातळीच्या 3 डेसिबल वर-खाली एवढाच चालतो. चौथे, 100 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात पातळी तेवढ्याच मर्यादेत राहिली पाहिजे. यातला वरचा भाग गेला तर ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’ ही व्यंजने जातात आणि उरतो तो घुमणारा स्वरांचा गोळा. मराठी नाटकात वाक्याचा शेवट बहुतेक वेळा क्रियापदावर असतो. ‘गेला’ की ‘गेली’, ‘नाही’ की ‘नाहीत’, हे ऐकू आले नाही तर विनोद हातचा जातो.

पाचवा आकडा पार्श्वभूमीच्या घरघरीचा. लूप बंद ठेवून मोजलेले चुंबकीय ‘हम’ 400 च्या खाली किमान 32 डेसिबल असावे, म्हणजे साधारण 10 मिलिॲम्पिअर प्रति मीटरच्या आत. खरे तर 47 डेसिबल खाली, म्हणजे 2 च्या आत असावे. हे मोजमाप तार टाकण्यापूर्वी करायचे असते. नंतर ते कळून उपयोग नाही.

घरघर येते कुठून? बहुतेक वेळा इमारतीच्या वायरिंगमधून. फेज एका पाइपातून आणि न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने नेली की मधली जागा स्वतःच एक नको असलेले लूप बनते. न्यूट्रल दोन ठिकाणी अर्थिंगला जोडलेली असेल तर प्रवाह इमारतीच्या सळ्यांतून परततो आणि मग सगळे प्रेक्षागृह गुणगुणते. रंगमंचाच्या दिव्यांचे डिमर हे तिसरे कारण: दिवा अर्ध्यावर आणला की लूपवर करकर सुरू होते आणि पूर्ण पेटवला की ती कमी होते, असे दिसले तर दोष डिमरच्या केबलींचा समजावा. नव्या वायरिंगमध्ये जाणारी आणि येणारी तार एकाच पाइपातून नेणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे आणि तोही दुरुस्तीच्याच काळात होतो. ठाण्यात आणखी एक गोष्ट आहे. इथली बरीच सभागृहे रेल्वेमार्गापासून फार लांब नाहीत. लोकल 25 हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) विजेवर धावतात. प्रवाह वरच्या तारेतून जातो आणि रुळांवाटे परततो. गाडी सुटताना तो एकदम वाढतो. म्हणून रेल्वेजवळच्या जागेत दुपारी पाच मिनिटे मीटर धरून ‘ठीक आहे’ असे लिहू नये. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अर्धा-पाऊण तास मोजावे.

ॲम्प्लिफायरबद्दल एक चूक हमखास होते. ‘आमच्याकडे पाचशे वॉटचा ॲम्प्लिफायर पडून आहे, तोच जोडू’ असे कुणीतरी म्हणतो. एक साधा हिशेब पाहा. 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद चौकोनाभोवती तारेचा एकच वेढा घातला तर मध्यभागी 400 मिलिॲम्पिअर प्रति मीटर मिळवायला तारेतून सुमारे साडेचार ॲम्पिअर प्रवाह लागतो, तोही कान तारेच्याच पातळीत धरून. 2.5 चौरस मिलिमीटरच्या 40 मीटर तारेचा रोध जेमतेम पाव ओहम असतो. स्पीकरचा ॲम्प्लिफायर असा जवळजवळ शॉर्ट झालेला भार पाहिला की संरक्षणात जातो किंवा जळतो. शिवाय तारेच्या इंडक्टन्समुळे वरच्या स्वरांना अडथळा वाढत जातो, म्हणून व्होल्टेज कायम ठेवणारा ॲम्प्लिफायर नेमकी व्यंजने खाऊन टाकतो. लूपचा ॲम्प्लिफायर प्रवाह कायम ठेवणाऱ्या जातीचाच लागतो आणि त्यात हळू-मोठा आवाज आपोआप सावरणारी सोय असावी लागते. त्याच्या माहितीपत्रकात ‘इतके चौरस मीटर’ असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नका. ते बहुधा सळ्या नसलेल्या मोकळ्या खोलीसाठी असते.

आणि सळ्या हाच आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. आपली नाट्यगृहे आरसीसीची आहेत. स्लॅबमधल्या सळ्यांच्या जाळीत लूपच्या क्षेत्रामुळे उलटे प्रवाह निर्माण होतात आणि ते मूळ क्षेत्राला मारतात. मार मध्यभागी जास्त बसतो आणि वरच्या स्वरांना आणखी जास्त. परिणाम असा की कडेच्या खुर्च्यांवर छान ऐकू येते आणि मधल्या, सर्वांत महागड्या खुर्च्यांवर दबलेले, बोळा कोंबल्यासारखे. प्रवाह वाढवून हे भरून निघत नाही. उपाय असा की सगळ्या प्रेक्षागृहाला एकच मोठा वेढा न घालता अनेक अरुंद पट्ट्यांत तार फिरवायची आणि अशा दोन मांडण्या एकमेकांवर सरकवून ठेवायच्या. त्या दोन्हींना दोन वेगळे ॲम्प्लिफायर लागतात आणि त्यांच्या सिग्नलच्या लहरींत 90 अंशांचा, म्हणजे पाव लहरीचा, फरक ठेवतात, म्हणजे दोन्ही क्षेत्रे एकमेकांना खोडत नाहीत आणि एक मांडणी जिथे दुबळी तिथे दुसरी सशक्त असते. तारेच्या बरोबर डोक्यावर उभे क्षेत्र जवळजवळ शून्य असते, हे लक्षात घेतले की दुसरी मांडणी कशाला हवी ते कळते. यासाठी बोटभर रुंदीची, कागदासारखी पातळ तांब्याची पट्टी वापरतात. ती कार्पेटखाली किंवा टाइल्सखाली सहज मावते. बाल्कनीला स्वतंत्र मांडणी लागते. खालच्या लूपवर बाल्कनी ऐकेल असे समजू नये.

या पट्ट्यांच्या मांडणीचा दुसरा फायदा म्हणजे क्षेत्र बाहेर कमी सांडते. साधा वेढा भिंतीपलीकडे आणि स्लॅबच्या वर-खालीही बराच पसरतो. चुंबकीय क्षेत्राला विटांची भिंत अडवत नाही. बाल्कनी आणि खालचे प्रेक्षागृह यांत एकच नाटक चालू असते, तिथे सांडले तरी हरकत नाही. पण त्याच इमारतीत तालमीचा हॉल किंवा दुसरे छोटे सभागृह असेल तर तिथल्या लूपवर बसलेल्याला दोन कार्यक्रम एकदम ऐकू येतील. रंगमंचावर सांडले तर आणखी वाईट: इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप आणि काही डायनॅमिक माईक हे क्षेत्र पकडतात, ते पुन्हा मिक्सरमध्ये जाते आणि शिट्टी सुरू होते. म्हणून लूपची हद्द रंगमंचापासून काही मीटर आधीच संपवावी. माईकच्या केबली बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरलेली घरघर आपोआप कापणाऱ्या, असाव्यात आणि ॲम्प्लिफायरपासून लूपपर्यंत जाणाऱ्या फीड केबलपासून किमान एक फूट लांब. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. ॲम्प्लिफायरपासून वेढ्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पिळ्यासारख्या गुंडाळलेल्या हव्यात, नाहीतर तेवढा भागही लूपसारखा वागतो.

इतके सगळे जमले तरी लूप देते ते त्याला मिळालेल्या सिग्नलाइतकेच. मराठी नाटकाच्या बाबतीत आमची खरी काळजी इथे आहे. फिरत्या नाटकाची गाडी प्रयोगाच्या आधी थोडाच वेळ येते. संस्थेचा साउंड ऑपरेटर स्वतःची पार्श्वसंगीताची सोय घेऊन येतो, सेट लागत असतानाच माईक लागतात आणि ‘लूपला सिग्नल कुठून द्यायचा’ हे विचारायला कुणालाच उसंत नसते. म्हणून ही जोडणी प्रयोगागणिक करायची नसावी. साउंडच्या टेबलाशी ‘लूप’ असे मराठीत लिहिलेला एक कायमचा सॉकेट असावा आणि नाट्यगृहाच्या मिक्सरचा एक ऑक्झिलरी मार्ग, म्हणजे स्पीकरपासून वेगळा आवाज बाहेर नेणारी वाट, त्यासाठी राखून ठेवावा. तो फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांडीच्या, आधीचा असावा, कारण छोट्या प्रेक्षागृहात ऑपरेटर स्पीकर खाली आणतो तेव्हा लूपही खाली जाऊ नये. पण म्यूट केलेला माईक लूपवरही म्यूटच राहिला पाहिजे, नाहीतर विंगेतली कुजबुज थेट आजोबांच्या कानात जाईल. पार्श्वसंगीत लूपवर संवादापेक्षा बरेच खाली ठेवावे.

माईक कुठे ठेवायचा हा निम्मा प्रश्न आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले माईक पावलांचे आवाज उचलतात. लाकडी फळीवर ते ठेवताना खाली जाड फोमचा तुकडा घालावा. वरून टांगलेले माईक नटाच्या डोक्यापासून लांब असतात आणि सभागृहाचा घुमार घेऊन येतात. प्रेक्षागृहात टांगलेल्या माईकवरून लूप चालवणे तर निरर्थकच आहे; ज्या प्रतिध्वनीपासून सुटायचे तोच तारेत भरला जातो. नट कॉलर माईक लावत असतील तर काम सोपे होते. लावत नसतील तर पुढच्या कडेला एकाच दिशेचा आवाज उचलणारे तीन ते पाच माईक ठेवावेत आणि जो नट ज्या बाजूला बोलतो तेवढाच माईक उघडा ठेवावा. सगळे एकदम उघडे ठेवले की प्रत्येक माईक सभागृहाचा घुमार आत आणतो.

सभा-संमेलनांत तर याहून साधी गोष्ट चुकते. वक्ता उठतो, माईक बाजूला सारतो आणि म्हणतो, ‘मला याची गरज नाही, माझा आवाज शेवटपर्यंत पोहोचतो.’ टाळ्या पडतात. त्याच क्षणी लूपवर बसलेल्यांसाठी सभा संपलेली असते. श्रोत्यांतून येणाऱ्या प्रश्नांचेही तसेच: फिरता माईक पोहोचेपर्यंत थांबावे किंवा अध्यक्षांनी प्रश्न स्वतःच्या माईकवर पुन्हा सांगावा. सूत्रसंचालकांना एवढे एक वाक्य शिकवले तरी पुष्कळ फरक पडतो.

हिवाळ्यात आपल्याकडे मैदानांवर मंडप घालून व्याख्यानमाला होतात. गंमत अशी की लूपसाठी ती सर्वांत सोपी जागा आहे. खाली स्लॅब नाही, सळ्या नाहीत. मंडपातल्या 15 बाय 10 मीटरच्या भागाभोवती तारेचा एक वेढा, साडेपाच-सहा ॲम्पिअर देणारा ॲम्प्लिफायर आणि मिक्सरवरून एक केबल, एवढ्यात काम होते. तार दर दोन-तीन फुटांवर खिळ्यांनी जमिनीशी पक्की करावी, येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी पट्टीखाली घ्यावी आणि खुर्च्या तारेच्या आत ठेवाव्यात, तारेवर नाही. श्रोते सतरंजीवर बसणार असतील तर कानाची उंची 1.2 मीटरऐवजी पाऊण मीटरच्या आसपास येते. मीटर त्या उंचीवर धरून पुन्हा मोजावे. त्या भागाच्या कडेला निळ्या रंगाचा कानाचा फलक लावावा, ज्यात कानावर तिरकी रेघ आणि कोपऱ्यात टी हे अक्षर असते. असा एक फिरता संच एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने किंवा ग्रंथालयाने घेतला तर शहरभर भाड्याने फिरू शकतो.

तिकीट खिडकी, बँक, रुग्णालयाचा केसपेपर काउंटर, नागरी सुविधा केंद्र या ठिकाणी लागते ते छोटे लूप. काउंटरच्या पुढच्या बाजूस बसवलेली एक चौकट, समोर उभ्या असलेल्या माणसापुरते साधारण एक मीटरचे क्षेत्र. काचेमुळे आवाज अडतो तिथे याचा फार उपयोग. यातली नेहमीची चूक म्हणजे माईक कर्मचाऱ्याच्या तोंडापासून लांब, पंख्याखाली किंवा प्रिंटरशेजारी ठेवणे. दुसरी चूक, प्लग काढून तिथे मोबाइल चार्जर लावणे. सिडकोने बांधलेल्या वाशी, बेलापूरसारख्या स्थानकांच्या उंच, मोठ्या हॉलमध्ये सगळीकडे लूप करण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. तिथे खिडक्यांवर लूप आणि प्रत्येक घोषणेचा मजकूर पडद्यावर, हे जास्त उपयोगी.

लूपशिवाय दुसरे मार्ग आहेत. इन्फ्रारेड व्यवस्थेत रिसीव्हर आणि हेडफोन द्यावे लागतात. प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून गोपनीय सुनावण्यांना ती योग्य. पण समोर खांब आला की आवाज तुटतो आणि उन्हात ती चालत नाही. रिसीव्हर मोजून देणे-घेणे, पुसणे, चार्ज करणे यासाठी माणूस लागतो. दिव्यांगांच्या सोयींसाठीच्या अमेरिकेच्या 2010 च्या मानकांप्रमाणे 500 आसनांना किमान 20 रिसीव्हर ठेवावे लागतात, यावरून त्या कामाचा अंदाज यावा. वाय-फायवरून मोबाइलवर आवाज देणारी ॲप आहेत. त्यांत आवाज थोडा उशिरा येतो. ओठ वाचणाऱ्याला आणि नटाचा खरा आवाजही थोडाफार ऐकणाऱ्याला हा उशीर फार त्रास देतो. ब्लूटूथवरची ऑराकास्ट ही नवी प्रसारणपद्धत 2022 साली जाहीर झाली. ती पुढे नक्कीच पसरेल. पण आज लोकांच्या कानांत असलेल्या यंत्रांपैकी फारच थोडी ती पकडतात आणि आपल्याकडे एक यंत्र पाच-सात वर्षे वापरले जाते. म्हणून ‘आता लूप जुने झाले, थांबू या’ हा सल्ला आम्हाला पटत नाही. लूप आत्ता टाकावे आणि ऑराकास्टचा ट्रान्समीटर त्याच ऑक्झिलरी सिग्नलवर नंतर जोडावा. टी-कॉइल नसलेल्यांसाठी किंवा यंत्रच न वापरणाऱ्यांसाठी लूपचे हातातले रिसीव्हर आणि हेडफोन मिळतात. ते सात-आठ तरी खिडकीवर असावेत. आणि ज्यांची भाषा खुणांची आहे त्यांना लूपचा उपयोग नाही. त्यांना दुभाषी आणि पडद्यावरचा मजकूरच हवा; एकाच्या नावावर दुसरे टाळू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून 2017 मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात त्या नियमांतला 15(1) हा नियम रद्द केला, कारण कायदा बंधनकारक मानके मागतो आणि नियम मात्र नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर थांबला होता. केंद्राच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत लूपचा उल्लेख आहे. एक गोष्ट मात्र विसरू नये: कायद्यात ‘ऐकण्यास जड’ ही व्याख्या दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलच्या घटीला लागू होते. चाळीस-पन्नास डेसिबल घट असलेल्या आजींना प्रमाणपत्र मिळत नाही, पण मागच्या रांगेतून नाटक त्यांनाही कळत नाही. लूपच्या खुर्चीसाठी प्रमाणपत्र मागू नये.

निविदेत काय लिहावे? ‘इंडक्शन लूप बसवणे, 1 नग’ असे लिहिले तर एक पेटी, एक वेढा आणि एक फलक मिळेल. त्याऐवजी मानकाचा क्रमांक, कोणत्या रांगा आणि बाल्कनी व्यापायच्या, तार टाकण्यापूर्वीचे हमचे मोजमाप, सळ्यांचा परिणाम पाहण्यासाठी तात्पुरती तार टाकून केलेली चाचणी आणि काम झाल्यावर रांगनिहाय मोजलेल्या आकड्यांचा तक्ता, हे सगळे लिहावे. तक्त्याशिवाय बिल पुढे जाऊ नये. क्रमही ठरवून द्यावा: आधी खुर्च्यांच्या बोल्टच्या जागा जमिनीवर आखायच्या, मग त्यांना चुकवून तांब्याची पट्टी चिकटवायची, मग ओहममीटरने रोध आणि अर्थिंगशी कुठे टेकत नाही ना ते पाहायचे, मग कार्पेट, मग खुर्च्या आणि शेवटी पुन्हा तेच मोजमाप. लूप निकामी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे खुर्ची बसवणाऱ्याच्या ड्रिलने पट्टी तुटणे. ती कार्पेटखाली तुटते, वरून दिसत नाही आणि कुणी मोजले नाही तर वर्षानुवर्षे फलक भिंतीवर राहतो, तार मात्र मेलेली असते. पट्टीचा मार्ग दाखवणारा नकाशा आणि फोटो व्यवस्थापकाच्या कपाटात हवेत. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मुकादम आधी तो मागेल. फीड केबल पाइपातूनच न्यावी, कारण रंगमंचाखाली उंदीर असतात. आणि पावसाळ्यात ओल येते तिथे जोडाच्या जागा उंचावर घ्याव्यात.

ॲम्प्लिफायरला वेगळे बटण नको. साउंडची मुख्य वीज चालू झाली की तो आपोआप चालू झाला पाहिजे. दर प्रयोगाआधी एका माणसाने हातातला लूप रिसीव्हर कानाला लावून पहिली, मधली आणि शेवटची रांग चालत जावे. दोन मिनिटांचे काम. त्याची नोंद वीजव्यवस्थेच्या रोजच्या वहीत एका ओळीने व्हावी. तिकीट विकणाऱ्याला लूपच्या रांगा कोणत्या ते माहीत असावे आणि ऑनलाइन आसनांच्या नकाशातही त्या दाखवाव्यात.

आमची महापालिकांना विनंती अशी आहे की काम पूर्ण झाल्यावर उद्घाटनाच्या आधी श्रवणयंत्र वापरणाऱ्या दहा-बारा नागरिकांना बोलवावे, वेगवेगळ्या रांगांत बसवावे, रंगमंचावरून कुणी न ऐकलेला एखादा उतारा माईकवर वाचावा आणि त्यांनी ऐकलेले शब्द कागदावर लिहून घ्यावेत. ठेकेदाराच्या मोजमापाच्या तक्त्यासोबत तो कागद फायलीला लागला की मगच अंतिम देयकावर सही व्हावी.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही श्रवणतज्ज्ञ आणि ध्वनितंत्रज्ञ
नौपाडा, ठाणे (पश्चिम)